मधल्या खोलीतला निरोप्या

१

आमच्या घराच्या तीन खोल्या एका रांगेत आहेत. एका टोकाला बाबांची खोली, दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघर, तिथेच भिंतीला लागून आईचा पलंग. मधल्या खोलीत मी. माझं टेबल, भिंग, चिमटे, सोल्डरिंगची गन आणि लोकांचे फुटके मोबाइल. कॉलेज अर्धवट सोडलं तेव्हापासून मी इथे बसून मोबाइल दुरुस्त करतो. आणि निरोप पोचवतो.

कारण आई आणि बाबा एकमेकांशी बोलत नाहीत. मी शाळेत होतो तेव्हापासून नाहीत. भांडण कशावरून झालं ते आता दोघांनाही धड आठवत नसणार. सोडायचं नाही, एवढं मात्र दोघांना पाठ आहे.

"तिला सांग, चहात साखर नाहीये."

"त्यांना म्हणावं, डॉक्टरांनी बंद केलीय."

"ती म्हणते, डॉक्टरांनी बंद केलीय."

"तिला विचार, डॉक्टरांशी लग्न केलंय का तिनं?"

हे दिवसभर चालतं. मी भिंगातून डोळासुद्धा काढत नाही. एका कानातून येतं, तोंडातून जातं, मधे डोकं लागत नाही. ताई मला निरोप्या म्हणते. ती लांबच्या शहरात असते, चांगल्या नोकरीत. लांबून माया करायला काही लागत नाही, म्हणून ती भरपूर करते.

म्हातारी माणसं गोड असतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी ती दुसऱ्यांच्या घरात पाहिलेली असतात.

आमचं घर चौथ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. मध्यंतरी बाबा जिन्यात पडले. खाली उतरून पाहतो तर भिंतीला टेकून पाय पसरलेले, कपाळावर टेंगूळ. हात द्यायला गेलो तर म्हणाले, "मी पडलो नाही. बसलोय." वरून कठड्यावर वाकून आई ओरडली, "त्यांना म्हणावं, बसायचं तर घरात येऊन बसा. जिन्यात रहदारी असते!"

मग ताईनं जागा शोधून काढली. शहराबाहेर, म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेली वसाहत. लिफ्ट, जागोजागी कठडे, नर्स, आयतं जेवण. मला तर ती जागा आई-बाबांपेक्षा जास्त हवी होती. माझ्या एका मित्रानं, लांब्यानं, दुसऱ्या शहरात दुरुस्तीचं दुकान टाकलंय. माझ्यासाठी खुर्ची ठेवलीय म्हणतो. आई-बाबांची सोय लागली की येतो, हे मी त्याला इतक्यांदा सांगितलंय की आता तोच माझ्या आधी म्हणतो.

एका रविवारी ताईचा फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला.

"बाबा, महिनाभर राहून तर बघा," ताई म्हणाली. "नाही आवडलं तर परत या."

"हिला सांग," बाबा मला म्हणाले, "फेकायचं असेल तर सरळ फेका म्हणावं. महिनाभर वाळत कशाला घालता?"

"बाबा, मी ऐकतेय. माझ्याशी बोला ना."

"आणि तिला विचार," त्यांनी स्वयंपाकघराकडे मान उडवली, "ती जाणार आहे का."

"त्यांना म्हणावं," आई ओट्यापासून म्हणाली, "जिथे मला भांडी घासावी लागणार नाहीत ते घर माझं."

"ती जाते म्हणते."

"मग मी कशाला जाऊ? तेवढीच इथे शांतता."

"ते म्हणतात..."

"ऐकू येतं मला! बहिरी नाही झाले अजून."

हीच तर गंमत आहे. त्यांना नेहमीच ऐकू येतं.

२

शेवटी गेले. दोघंही गेले, कारण एकटं गेलं तर दुसरा जिंकला असं झालं असतं.

वसाहतीच्या व्यवस्थापक बाई दारातच उभ्या होत्या. प्रसन्न, इस्त्रीच्या साडीत, बोलताना मान किंचित कललेली. बाबांनी एक जुना रेडिओ, औषधांचा डबा आणि तीन काठ्या आणल्या होत्या. आईनं एका पिशवीत नुसत्या जुन्या चादरी भरल्या होत्या.

"हे सगळं कशाला?" बाई हसून म्हणाल्या. "इथे सगळं आहे. घरचं घरी ठेवून यायचं. आम्ही सगळ्यांना हेच सांगतो."

मला वाटलं आता बाबा त्यांना फाडून खाणार. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काठ्यांकडे पाहिलं आणि काठ्या माझ्या हातात दिल्या. आईनं पिशवी दिली. एक शब्द नाही, टोमणा नाही. मी सगळं परत गाडीत टाकलं.

निघताना मी लिफ्टपाशी थांबलो. आई मला निरोप देते तेव्हा तीन गोष्टी म्हणते: केस काप, वेळेवर जेव, आणि बापावर जाऊ नकोस. त्या दिवशी तिनं फक्त हात हलवला. लिफ्टचं दार आमच्या मधे बंद झालं.

घरी आलो, काठ्या बाबांच्या खोलीत उभ्या केल्या, चादरी आईच्या पलंगावर टाकल्या. बाबांची गादी गुंडाळून दोरीनं बांधली. गॅसचा नळ बंद केला, खिडक्या लावल्या. मग मधल्या खोलीत, भर दिवसा, जमिनीवर हातपाय पसरून झोपलो. कुणी काही सांगितलं नाही. इतकं बरं मला कॉलेज सोडलं त्या दिवशीसुद्धा वाटलं नव्हतं.

संध्याकाळी लांब्याचा फोन आला.

"काय, आई-बाबांची सोय लागली की येतोस ना?"

"लागली."

"आं?"

"महिना संपला की तिथली सही करतो, घराला कुलूप लावतो आणि येतो."

"बघ हं. खुर्ची किती दिवस रिकामी ठेवू? परवा तिच्यावर मांजर व्यालंय."

३

काही दिवस छान गेले. मी काम ओढून घेतलं. दुपारी रस्ता शांत होतो तेव्हा बारीक काम चांगलं होतं. अशाच एका दुपारी एका मोबाइलचा चार्जिंगचा भाग बसवत होतो. डोळ्याला भिंग, एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात गन.

"तिला सांग, खिडकी लाव. ऊन येतंय डोळ्यावर."

"आई, खिडकी लाव म्हणतात. ऊन येतंय."

"त्यांना म्हणावं, ऊन खिडकीतून नाही येत. दुपारपर्यंत लोळल्यावर येतं."

"ती म्हणते, उठा आता."

आतून नाकातला तो आवाज आला, बाबा हरले की काढतात तो. मी टाका दिला. त्यावर हलकी फुंकर घातली. धूर सरळ वर गेला.

मग माझा हात थांबला.

गन स्टँडवर ठेवली. भिंग काढलं. स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं. ओटा कोरडा, मोरी कोरडी, पलंगावर चादरींची पिशवी जशी टाकली होती तशी. मी तिथे बराच वेळ उभा राहिलो, कारण दुसऱ्या टोकाला जायचं नव्हतं.

गेलो. बाबांची खोली रिकामी होती. गादी गुंडाळलेली. कोपऱ्यात काठ्या. खिडकीचं एक दार उघडं होतं आणि उन्हाचा पट्टा पलंगाच्या उशाकडे पडला होता, बरोबर जिथे त्यांचं डोकं असतं तिथे.

मी खिडकी लावली. आणि मग स्वतःवरच चिडलो. लावली कशाला?

मी काही भोळसट नाही. आवाज म्हणजे काय ते मला पोटापाण्यापुरतं कळतं. न्हाणीघराच्या मागून वर-खाली जाणारी पोकळी आहे, तिच्यातून दुसऱ्या मजल्यावरचा खोकला आमच्याकडे येतो. खिडकीची कडी जुनी आहे, वाऱ्यानं सुटते. आणि इतकी वर्षं रोज जे ऐकलं ते कान स्वतःहून वाजवतो. मोबाइल माझ्याकडे दुरुस्तीला ठेवला तरी काही लोकांना तो खिशात थरथरल्यासारखा वाटतो. तसंच.

तरी मी आईला फोन लावला.

"आम्ही बागेत फिरतोय," ती म्हणाली.

"आम्ही म्हणजे?"

"हे आणि मी."

मागून बाबांचं हसणं ऐकू आलं. मी त्यांना दात काढताना पाहिलंय, दुसऱ्यांवर. असं हसताना ऐकलं नव्हतं.

४

पुढच्या रविवारी भेटायला गेलो. त्यांच्या खोलीला मोठी खिडकी आहे. खिडकीशी दोन खुर्च्या, समोरासमोर, गुडघे जवळजवळ लागतील अशा. आई संत्रं सोलत होती. एक फोड स्वतः खायची, एक बाबांच्या हातावर ठेवायची.

"अहो, बघा कोण आलंय," आई बाबांना म्हणाली. सरळ बाबांना. मधे कुणी नाही.

बाबा उठले. खुर्चीच्या हाताला न धरता, 'आई गं' न म्हणता उठले. ज्या गुडघ्यापायी मी निम्मं तरुणपण मलम चोळण्यात घालवलं, तो गुडघा दाराच्या बिजागरीसारखा सहज वळला.

"या ना," आई म्हणाली. "बसा."

मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"मला म्हणतेयस?"

"उभे का? बसा ना. संत्रं घ्या."

"आई, नाटकं पुरे. केस वाढलेत म्हण. दाढी काढ म्हण. काहीतरी म्हण."

तिनं माझ्या केसांकडे पाहिलं. खरंच पाहिलं, दुकानात कापड पाहावं तसं.

"छान दिसतात," ती म्हणाली.

कुणी पहिल्यांदा कौतुक केलं की बरं वाटायला हवं. मी एक पाऊल मागे सरकलो. ती मला विसरली होती असं समजू नका. माझा वाढदिवस, माझं कॉलेज, लांब्याचं दुकान, सगळं तिला माहीत होतं. तिला फक्त त्यातल्या कशाचाच राग नव्हता. कॉलेजचं विचारून पाहिलं.

"सोडलं ते बरं केलंत," बाबा म्हणाले. "तुम्हाला आवडत नव्हतं."

हे वाक्य ऐकायला मी काय वाट्टेल ते दिलं असतं. आता ते मला असं मिळालं, बँकेतल्या माणसानं 'आणखी काही सेवा?' म्हणावं तशा आवाजात.

व्यवस्थापक बाई जिन्यापाशी भेटल्या.

"बघितलंत? किती छान रमलेत."

"ते असे नाहीत."

"इथे आले की सगळेच मऊ होतात हो."

"सगळेच?"

"सगळेच. मुलांना आधी जरा चमत्कारिक वाटतं. मग सवय होते."

"आणि बाकीचं कुठे जातं?"

"बाकीचं म्हणजे?"

"कुरकुर. टोमणे. गुडघा."

बाई खळखळून हसल्या. "ते तुमच्या घरीच असेल, बघा!"

५

होतं.

ते आता लपतही नव्हतं. सकाळी मी टेबलाशी बसलो की सुरू. पंखा लाव, पंखा बंद कर, नळ गळतोय, तिला सांग, त्यांना म्हणावं. आवाज कधी खोलीच्या आत असायचा, कधी दाराच्या अगदी मागे. मी दार उघडलं की खोली रिकामी. दार लावलं की पलंग करकरायचा.

मी एक दिवस ठरवलं, निरोप द्यायचा नाही.

"तिला सांग, नळ गळतोय," बाबा म्हणाले.

मी ओठ मिटून बसलो. आणि घर थांबलं. दुसरा शब्द नाही मला त्याला. टोकाच्या दोन खोल्या कान देऊन बसल्या. नळाचा थेंबसुद्धा मधेच लोंबकळला असावा, कारण पुढचा पडल्याचं ऐकू आलं नाही. मी हेडफोन लावला, गाणं लावलं, आवाज कान दुखेल इतका केला. गाणं संपलं, दुसरं संपलं. हेडफोन काढला.

"...केव्हापासून," बाबांनी वाक्य पुरं केलं.

"नळ गळतोय!" मी ओरडलो. "केव्हापासून गळतोय म्हणतात!"

आणि सगळीकडून सुटकेचा श्वास सुटल्यासारखं झालं. माझ्याही छातीतून. त्याची मला जास्त भीती वाटली.

हळूहळू नळ आणि पंखे मागे पडले आणि गाडी माझ्यावर आली.

"तिला सांग, हा आपल्याला तिथे कायमचं टाकणार."

"त्यांना म्हणावं, हा? यानं आजवर एक गोष्ट शेवटाला नेलीय का? सही करायला जाईल आणि पेन विसरेल."

हेही मीच पोचवायचं. स्वतःच्या तोंडानं. "ती म्हणते, मी पेन विसरेन." पोचवता पोचवता मी त्यात माझं घालायला लागलो. तुम्ही कुठे काय शेवटाला नेलंत? संसार? एक भांडण तेवढं नेलंत. तुमच्यापायी इथे सडलो. दोघंही जिवंत, दोघांनाही ऐकू येतं, आणि मी मधे भिंतीतल्या तारेसारखा. बोलून मोकळा होत होतो म्हणा ना. ते ऐकून घ्यायचे. मग म्हणायचे, "तिला सांग, पोरगा चिडलाय."

एके सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. धापा टाकत दारात उभ्या राहिल्या.

"आले का रे आई-बाबा?"

"नाही."

"मग दिवसभर कुणाशी बोलतोस?"

"काय ऐकू येतं तुम्हाला?"

"तुझाच आवाज. ती म्हणते, ते म्हणतात. मधे जरा गप्प. की परत तूच." त्यांनी माझ्या खांद्यावरून आत डोकावलं. "होतं असं. घर रिकामं झालं की माणूस स्वतःशी बोलतं. मीही बोलते. पण उत्तर नाही देत हं."

दार लावून मी त्याला पाठ टेकली आणि मला हसू आलं. म्हणजे वेड लागलं होतं. त्यातल्या त्यात ही चांगली बातमी होती. वेडाला डॉक्टर असतो.

"तिला सांग," आतून आलं, "पोराला वेड लावू नकोस."

"त्यांना म्हणावं, शहाणा होता कधी?"

मी निरोप न देता सरळ बाबांच्या खोलीकडे गेलो. दार लोटलेलं होतं, बोटभर फट. फटीतून पलंगाचा पायथा दिसत होता. त्यावर गादी पसरलेली होती. पांघरुणाखालून एक टाच बाहेर आली होती. भेगा पडलेली, एका बाजूला झिजलेली. त्या भेगांत मी वर्षानुवर्षं मलम भरलंय, मला ती हजारांत ओळखू येईल.

कुणी बघतंय हे कळल्यावर ओढावी, तशी ती हळूच आत ओढली गेली.

मी दार ओढून घेतलं. गादी खरंच पसरलेली होती की बांधलेली, हे नीट पाहायला हवं होतं. नाही पाहिलं.

६

महिना संपला. सहीच्या दिवशी मी वेगळंच ठरवून गेलो होतो. त्यांना घरी आणायचं. ज्यांचं आहे त्यांनी येऊन घेऊन जावं. परत दोघं आपापल्या खोल्यांत बसतील, भांडतील, गुडघा दुखेल, पण एका देहात दुखेल. लांब्याला सांगू, मांजराला राहू दे खुर्चीवर.

ताई फोनच्या पडद्यावर होती. डोळे भरलेले. "बघ! माणसं बदलतात. बाबा माझ्याशी तासभर बोलले काल. आयुष्यात पहिल्यांदा."

"काय बोलले?"

"छान बोलले."

"काय पण?"

तिला आठवेना. "असं काय रे, छान बोलले," ती परत म्हणाली.

मी फोन पालथा ठेवला. आई-बाबा खिडकीशी, हातात हात. मी त्यांच्यापुढे उकिडवा बसलो.

"चला घरी," मी म्हणालो. "सामान भरतो."

आईचा चेहरा उतरला. महिनाभरात पहिल्यांदा त्या चेहऱ्यावर काहीतरी घडलं. तिनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी आधी दाराकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला.

"तिथे कोण असतं आता?" त्यांनी विचारलं.

"अहो, नका विचारू," आई म्हणाली.

"तुम्ही असता ना तिथे? तुमच्याशी बोलतात का ते?"

मी विचारलं, "कोण ते?"

खाली वाकून बाबांनी माझा हात धरला. त्यांचा हात ऊबदार होता आणि वजन नसल्यासारखा. "आम्हाला परत त्यात घालू नका," ते म्हणाले. "फार जड होतं ते. तुम्हाला कळत नव्हतं, तुम्ही लहान होता. आता उतरलंय. मी हात जोडतो."

आणि खरंच जोडले. माझ्या बापानं, जो जिन्यात पडला तरी बसलोय म्हणाला.

माझं मत त्यांच्याबद्दल फारसं चांगलं कधीच नव्हतं, आजही नाही. ओझं उतरवताना ते कुणाच्या पायावर पडतंय हे त्यांनी तेव्हाही पाहिलं नाही. पण त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे सरळ काहीतरी मागितलं होतं. मधे कुणी नव्हतं.

मी सही केली. पेन विसरलो होतो. बाईंनी त्यांचं दिलं.

"आता तुम्हीही मोकळे," त्या म्हणाल्या. "आजच निघा. घरात फार रेंगाळू नका."

"का?"

"अहो, उगीच मन लागून राहतं." आणि मान कललेली.

७

दुपारीच घरी आलो. लांब्याला कळवलं, गाडी संध्याकाळची आहे. हत्यारं एकेक करून कापडात गुंडाळली, पिशवीत भरली. टेबल रिकामं झालं. घर गप्प होतं. पण थांबलेलं नव्हतं. आपल्या कामात होतं. स्वयंपाकघरात भांड्याला भांडं हलकेच लागलं. बाबांच्या खोलीत कूस बदलल्याचा आवाज आला.

पिशवीची चेन ओढली तेव्हा बाबा म्हणाले, "तिला सांग, निघाला."

"त्यांना म्हणावं, जाऊ दे. जाणाऱ्याला कुणी धरलंय?"

मी काही पोचवलं नाही. त्यांना ऐकू येतं. मी फक्त एवढंच म्हणालो, दोन्ही दारांना ऐकू जाईल असं, "तुम्ही दोघांनी माझी वाट लावलीत. हे इथेच ठेवून चाललोय. घ्या." आणि ते म्हणताना माझ्या आतून काहीतरी सुटलं, शिवण उसवावी तसं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. फार बरं वाटलं. मी एक क्षण टेबलाला धरून डोळे मिटले.

दार लागल्याचा आवाज आला.

मग कुलपात किल्ली फिरली. बाहेरून.

मी डोळे उघडले. मी टेबलाशी बसलेलो होतो. पिशवी नव्हती.

धावत जाऊन दाराच्या भिंगाला डोळा लावला. बाहेर जिन्याच्या तोंडाशी माझा निळा शर्ट पाठमोरा उभा होता. खांद्यावर माझी पिशवी. तो माझी किल्ली खिशात ठेवत होता, सावकाश, व्यवस्थित. मी कधीच काही इतकं व्यवस्थित ठेवत नाही. मान किंचित कललेली होती.

खालून काकूंची चप्पल ऐकू आली.

"निघालास का रे?"

"हो, काकू. येतो हं. माझ्या आवाजाचा तुम्हाला फार त्रास झाला. माफ करा."

माझा आवाज. मी जन्मात काकूंची माफी मागितली नसती. 

"अरे, त्रास कसला! किती गुणी झालास रे."

मी दारावर दोन्ही हातांनी धडका मारल्या. ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, त्यात शिव्याच जास्त होत्या. चप्पल थांबली.

"वर कुणी आहे का रे?" काकूंनी विचारलं. "काहीतरी वाजलं."

"नाही, काकू," तो मायेनं म्हणाला. "घर रिकामं आहे. खिडकी आपटत असेल."

पावलं खाली गेली. हलकी, न थबकता, कठडा न धरता. रस्त्यावरच्या आवाजांत मिसळली.

माझ्या मागे दोन्ही टोकांची दारं उघडली. एकदम, ठरवल्यासारखी. कुणी पाय ओढत आलं, एका बाजूनं. दुसऱ्या बाजूनं बांगड्या. आवाज सुरू झाल्यापासून त्या दोघांतलं कुणीच मधल्या खोलीत आलं नव्हतं. आता मी वळलो तर ते दिसणार होते, हे मला कळत होतं.

वळलो. दिसतात. त्याबद्दल काही विचारू नका.

"तिला सांग," बाबा म्हणाले, "हा राहिला."

मी सांगितलं.